आधी कृपा

रविवारची उपासना संपत आली की पाळकसाहेब दोन्ही हात उंचावतात आणि मंडळी माना खाली घालून उभी राहते. मग आशीर्वाद होतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस तो आहे, आणि जगभरातल्या मंडळ्या शतकानुशतकं तो उच्चारत आल्या आहेत. त्यात पहिली येते ख्रिस्ताची कृपा, मग देवाची प्रीती, मग पवित्र आत्म्याची सहभागिता. नगर जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत मी वाढले, तिथे शेवटच्या बाकांवर बसणारी काही माणसं हा आशीर्वाद कधी ऐकतच नसत. शेवटचं गीत सुरू झालं की ती उठून चपला शोधू लागत. पेटीवर अखेरचं कडवं वाजत असताना ती फाटकाबाहेर पोहोचलेली असत.

सासरहून कायमची परत आलेली एक मुलगी त्यांच्यात होती. पतसंस्थेच्या पैशांवरून ठपका आलेले एक गृहस्थ होते. व्यसनी मुलामुळे गावात मान खाली घालावी लागलेली एक आई होती. आशीर्वाद झाला की सगळे आवारात थांबतात, एकमेकांना सलाम करतात, घरच्यांची चौकशी करतात. त्या चौकशीला ही माणसं भ्यायची. प्रश्न साधेच असत: जावई कधी आले होते? मुलगा आता कुठे असतो? विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असे आणि ज्याला विचारलं त्यालाही ते कळत असे. कृपेच्या आशीर्वादाची ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच तो टाळून घरी जावं लागावं, ही गोष्ट मला आजही बोचते.

कृपेवरची प्रवचनं आम्ही भक्तिभावाने ऐकतो, कृपेची गीतं मन लावून गातो. माणूस समोर आला की मात्र अट घालतो. आधी त्याने चूक कबूल करावी, मग बघू. आधी तिने नवऱ्याशी जुळवून घ्यावं, मग आपण तिच्या घरी प्रार्थना ठेवू. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा याच्या अगदी उलट क्रम सांगतो. पौल रोमकरांना लिहितो की माणसं पापात असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. सुधारणा नंतरची. कृपा आधी निघते, आणि ती आधी निघाल्यामुळेच बदलायचं बळ माणसाच्या अंगात येतं. हा क्रम पाळणं मंडळीत आणि घरात इतकं जड का जातं, हे मला समजून घ्यायचं आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक पहाटे मजूर लावतो, नंतर दिवसभरात आणखी काही वेळा जाऊन बाजारात उभे असलेले लोक घेऊन येतो. अगदी दिवस मावळायला तास उरलेला असतानाही तो जातो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच, एकेक दीनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. पुण्याच्या किंवा नाशिकच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहून पाहिलं की हा दाखला वेगळा कळतो. ठेकेदार येतात आणि आधी तरुण, धट्टीकट्टी माणसं निवडतात. दुपारपर्यंत तिथे कोण उरतं? पिकल्या केसांचा मिस्त्री, कडेवर मूल असलेली बाई, लंगडत चालणारा हमाल. दाखल्यातल्या शेवटच्या मजुरांना मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. ती माणसं आळशी नव्हती, कुणाला नको होती. आणि दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, घरातल्या चुलीचा एक दिवस. मालकाने काम मोजलं नाही, घरी वाट पाहणारी तोंडं मोजली.

या दाखल्यात पहाटेच्या मजुरांचा एक पैसाही बुडालेला नाही. ठरलेली मजुरी त्यांना मिळाली. तरी त्यांना लागलं, कारण दुसऱ्याला आपल्याइतकंच मिळालं. मंडळीतल्या जुन्या घराण्यांच्या मनात मी हीच सल पाहिली आहे. आमच्या आजोबांनी या देवळाचे दगड वाहिले, आमच्या आईने इतकी वर्षं संडे स्कूल चालवलं, आणि काल आलेला माणूस आज वडीलमंडळात? सेवा खरी असते, कष्टही खरे असतात. पण त्या कष्टांचा हिशेब आपण मनात मांडून ठेवला की दुसऱ्यावरची कृपा आपल्याला आपलं नुकसान वाटू लागते. लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ असाच अंगणात उभा राहतो. आत मेजवानी चालू असते आणि बाप बाहेर येऊन त्याचीही मनधरणी करतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. ते उत्तर ऐकणाऱ्यांवर सोडलं आहे.

आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याचं उत्तर देणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. पहिल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलम भागात नेलं. ज्या बायकांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलं होतं, त्यांच्यासाठी भगिनींनी तिथे आश्रय उघडला होता. शास्त्रं पाठ असलेल्या, देशभर पायी हिंडलेल्या रमाबाईंनी अशा बायकांना कुणी मायेने वागवल्याचं तोवर पाहिलं नव्हतं. या बायकांची काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्वतः सांगितला आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

योहानाच्या त्या अध्यायातही क्रम पाहण्यासारखा आहे. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई. तिचे पाच नवरे होऊन गेले आहेत आणि आता ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. येशूला हे ठाऊक आहे, पण बोलण्याची सुरुवात तो तिथून करत नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नसे, त्या काळात हे मागणं होतं. नवऱ्यांचा विषय येतो, तोही लपवाछपवी न होता येतो, पण नंतर. आधी तिला मान मिळाला. ज्या माणसाकडे आपण काही मागतो, त्याच्याकडे देण्यासारखं काही आहे हे आपण मान्य केलेलं असतं.

फुलममध्ये पाहिलेलं रमाबाई विसरल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या. १९००च्या सुमारास तिथल्या त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे आंधळ्यांसाठी सोय झाली, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी सदन झालं. आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला होता, ज्यांना वाममार्गाला लावलं गेलं होतं, त्यांच्यासाठी स्वतंत्र सदन उघडलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘कृपासदन’. आत येण्यासाठी चारित्र्याचा दाखला लागत नव्हता. येणारीला आधी अंथरूण, भाकर आणि औषध मिळे, मग शिक्षण आणि काम. आपल्या समाजात ज्या बाईचं नावही घेत नसत, तिच्या दारावर कृपेची पाटी लावणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती.

रमाबाईंना मंडळीकडून नेहमीच कृपा मिळाली असं मात्र नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. धर्मतत्त्वांवर त्यांनी प्रश्न विचारले की त्यांना अहंकारी म्हटलं गेलं. एकाच चर्चच्या एका दालनात रस्त्यावरच्या बायकांना जवळ घेतलं जात होतं आणि दुसऱ्या दालनात एका विदुषीला गप्प बसायला सांगितलं जात होतं. आजही चर्च असंच आहे. म्हणून कुठल्याही मंडळीबद्दल सरसकट निवाडा देण्याऐवजी, तिच्या कुठल्या दालनात आपण उभे राहायचं हे प्रत्येकाने ठरवावं असं मला वाटतं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नीची संमती घेतली नव्हती. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोकांच्या नजरा, स्वतःच्या जिवाची तगमग, हे सगळं त्यांनी सोसलं. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तेव्हाही त्यांचं सोवळं कायम होतं. ख्रिस्ती वस्तीत राहून वेगळी चूल, वेगळं पाणी. टिळकांनी त्याची सोय लावून दिली आणि धर्मांतराचा आग्रह धरला नाही. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट सांगताना टिळकांच्या धीराचं कौतुक होतं. ते योग्यच आहे. बळजबरी न करता कुणाच्या बदलाची वाट पाहणं ही कृपाच आहे. पण ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्या लक्ष्मीबाई होत्या. परत जाण्याचं पाऊल त्यांनी टाकलं. १९३४पासून भागांनी प्रसिद्ध झालेलं त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला पुनःपुन्हा जाणवतं की या बाईने नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही, आणि तरी पानोपानी त्याच्यावर माया केली आहे. खरं बोलणं आणि प्रेम करणं या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत. पुढे १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही त्यात जागा होती. उंबरठ्याबाहेर थांबलेल्या माणसाची घाई करायची नाही, हे टिळक आपल्या घरात कधीच शिकले होते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण कृपेच्या नावाखाली मंडळ्यांमध्ये फार मोठा अन्याय झाला आहे. मार खाऊन आलेल्या बाईला वडीलधारी माणसं सांगतात: बाई, क्षमा कर, प्रभूने सांगितलंय, सत्तर वेळा सात. असं सांगून तिला त्याच घरात परत पाठवणं हा कृपेचा दुरुपयोग आहे. २००२ साली बॉस्टनच्या वृत्तपत्राने उघड केलं की लहान मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं. तिथे गुन्हेगाराला संधीमागून संधी मिळाली आणि मुलांचं कुणी ऐकलं नाही. जखम ज्याची, क्षमा करण्याचा अधिकारही त्याचाच. ती त्याच्याकडून ओरबाडून घेता येत नाही आणि त्याच्या वतीने संस्थेला वाटताही येत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ या संकल्पनेवर कडाडून टीका केली होती. पश्चात्ताप नको, शिष्यत्व नको, फक्त दिलासा हवा, अशी ती कृपा. हिटलरच्या राजवटीपुढे वाकलेलं चर्च त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९४५च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं गेलं. कृपा फुकट मिळते, पण स्वस्त नसते. तिची किंमत देणाऱ्याने चुकवलेली असते.

किंमत चुकवणं म्हणजे काय, हे मला इंदूरच्या एका घटनेतून समजलं. केरळच्या पुल्लुवळी गावच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत होत्या. बँकेचं कर्ज कसं मिळवायचं, सावकाराच्या पाशातून कसं सुटायचं, हे त्या लोकांना शिकवत. ज्यांचं त्यामुळे नुकसान होत होतं त्यांनी मारेकरी पाठवला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून इंदूरला जाताना समुंदर सिंग या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले आणि त्या मरण पावल्या. समुंदर सिंगला जन्मठेप झाली. ज्यांनी चिथावलं त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं, घर मोडलं, मनात सूड पेटत राहिला. अशा वेळी एक ख्रिस्ती संन्यासी तुरुंगात त्याला भेटायला जाऊ लागला. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली.

मी या प्रसंगाशी नेहमी थांबते. राखी हे कॅथलिक चर्चचं चिन्ह नव्हे, समुंदर सिंगच्या घरातलं, त्याच्या गावातलं चिन्ह होतं. बहिणीचा खून केलेल्या माणसाला तिने त्याला कळणाऱ्या रीतीने भाऊ केलं. पुढे कुटुंबाने आणि भगिनींनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळला गेला, तेव्हा राणी मारियांच्या वृद्ध आईने, एलिस्वा यांनी, त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. आपल्या मुलीचं रक्त या हातांना लागलं आहे, म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित केलं, त्या समारंभात समुंदर सिंगही उपस्थित होता.

यात न्यायाला फाटा दिलेला नाही. खटला चालला, शिक्षा झाली, तो अनेक वर्षं तुरुंगात राहिला. ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जानेवारी १९९९मध्ये जाळून मारलं, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनीही हेच दोन धागे वेगळे ठेवले. मारणाऱ्यांना त्यांनी क्षमा केली आणि कायदा आपलं काम करेल हेही सांगितलं. पुढची काही वर्षं त्या बारिपदाच्या कुष्ठरोग्यांमध्येच राहिल्या. माणसाचा द्वेष सोडणं आणि गुन्ह्याला गुन्हा म्हणणं, ही दोन्ही कामं एकाच मनाला करता येतात.

इतक्या मोठ्या उदाहरणांनी आपण दिपून जातो आणि मग वाटतं, हे संतांचं काम. पण कृपेचे बहुतेक प्रसंग फार लहान असतात आणि रोज येतात. आज प्रत्येकाच्या चुकीची नोंद फोनमध्ये राहते. कुणीतरी रागात काही लिहितं, दोन मिनिटांत पुसतंही, तोवर त्याचा स्क्रीनशॉट दहा ग्रुपवर गेलेला असतो. तो पुढे न पाठवणं ही आजच्या काळातली कृपा आहे. सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांची नावं लावण्याआधी सेक्रेटरीने त्या घरी जाऊन दार वाजवणं ही कृपा आहे. कामाला येणाऱ्या मावशी तीन दिवस आल्या नाहीत तर पगार कापण्याआधी, घरी काय झालं असं विचारणं ही कृपा आहे. बारावीत नापास झालेल्या मुलाच्या ताटात त्या रात्रीही रोजच्यासारखं, त्याच्या आवडीचं वाढणं ही कृपा आहे. अभ्यासाचं बोलणं दुसऱ्या दिवशी होऊ शकतं.

मंडळीत हे अधिक कठीण असतं, कारण तिथे प्रत्येक जण आपली बाजू देवाची मानून बसलेला असतो. पंचकमिटीच्या निवडणुका, ट्रस्टच्या जमिनी, देवळाच्या किल्ल्या यांवरून धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. बापाच्या पिढीचं भांडण मुलं चालवतात आणि नाताळच्या दिवशी दोन गट दोन वेगळ्या वेळी उपासना करतात. हिशेब चोख हवेत, घोटाळा असेल तर तो उघडाही व्हायला हवा. पण येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी सांगून ठेवली आहे: भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडे जा. कमिटीपुढे जाणं त्यानंतरचं. ही पहिली पायरी आम्ही गाळतो. माणसाबद्दल सगळ्यांशी बोलतो, त्याच्याशी मात्र बोलत नाही.

माझ्या मनात एक साधी सूचना आहे. बहुतेक मंडळ्यांमध्ये ठराविक रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीशी दान आणताना भावाचं मन दुखावलेलं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, अशी येशूची आज्ञा आहे. तर त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात वडीलमंडळाने, स्त्रीमंडळाने, तरुण संघाने अशा घरांची आठवण करावी, जिथून कुणी येईनासं झालं आहे किंवा लवकर उठून जातं. एकेका घरी दोघांनी जावं. का येत नाही, असं विचारू नये. बायबल उघडून समज देऊ नये. चहा दिला तर घ्यावा, आणि येताना त्यांच्याकडे काहीतरी मागावं. पुढच्या कार्यक्रमाला स्वयंपाकात मदत, भजनाला तबल्याची साथ, मुलांना गणित शिकवायला एखादा तास. विहिरीवर ख्रिस्ताने जे केलं तेच करावं. उपकार करणाऱ्यापुढे माणूस संकोचतो, मागणाऱ्यापुढे ताठ उभा राहतो.

कुणी विचारेल, आणि इतकं करून तो बदलला नाही तर? नाही बदलणार कदाचित. राणी मारियांच्या बहिणीने राखी बांधली तेव्हा तिला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. कृपासदनात आलेली प्रत्येक बाई तिथे टिकेल अशी हमी रमाबाईंना कुणी दिली नव्हती. हमी मागून दिलेली गोष्ट सौदा होते. माणूस बदलेल की नाही, कधी बदलेल, हे देवाच्या आणि त्या माणसाच्या हातात आहे. आधी जाणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेवढं आपण या आठवड्यातच करू शकतो.